शशिकाकांचं मानपत्र

दत्ताचा फोन आला तेव्हा नीलिमा म्युनिकजवळच्या गार्चिंगमधल्या घरात कुकर घासत होती. दत्ता म्हणजे मराठी मंडळाचा सचिव. सगळ्यांचं भलं चिंतणारा आणि कुणाच्याच मनातलं न ओळखणारा माणूस. अशा माणसांवरच मंडळं चालतात.

"अगं, दिवाळीच्या कार्यक्रमात शशिकाकांचा सत्कार करतोय," तो म्हणाला. "त्यांच्या त्या तुर्की-कुर्दी पिक्चरला साउंडचं अवॉर्ड मिळालं ना. शाल, श्रीफळ, मानपत्र, सगळं रीतसर. आल्झो, तर मानपत्र तूच लिही आणि तूच वाच. तू त्यांच्या हाताखाली काम केलंयस, तुझ्याइतकं कोणाला माहीत असणार?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," नीलिमा म्हणाली. "माझ्याइतकं कोणालाच माहीत नाही."

फोन ठेवून तिने कुकर पुन्हा घासायला घेतला. तो मघाशीच स्वच्छ झाला होता. शेजारी चहा गाळत उभ्या असलेल्या मयुरेशने, म्हणजे तिच्या नवऱ्याने, तिच्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "नाही म्हणायचं होतंस ना?"

"का म्हणू? मे महिन्यापासून मी ह्याचीच वाट बघत होते."

मयुरेश इथल्या इन्स्टिट्यूटमध्ये संशोधक. माणूस सरळ, भांडणाच्या वासानेही त्याचं पोट बिघडतं. तो चहा घेऊन बाहेरच्या खोलीत गेला.

आता शशिकाकांनी काय केलं होतं ते सांगायला हवं. शशिकांत गुर्जर तीस वर्षांपूर्वी जर्मनीत आले, रेडिओत लागले, जर्मन पासपोर्ट घेतला आणि पुढे म्युनिकमध्ये तीन खोल्यांचा स्वतःचा साउंड स्टुडिओ थाटला. नीलिमा पुण्यात ध्वनिमुद्रण शिकून लग्नानंतर इथे आली आणि त्यांच्याकडे लागली. काका तिला 'बाळ' म्हणायचे. त्यांच्या बायकोला, मालिनीकाकूंना, नीलिमाला सुरळीच्या वड्या आवडतात हे कळलं तेव्हापासून दर पंधरा दिवसांनी डबा यायचा. परमुलखात एवढी माया मिळाली की माणूस कागद नीट वाचायचं विसरतो. नीलिमा विसरली.

मग तो चित्रपट आला. रोजदा नावाची कुर्दी दिग्दर्शिका, वाढलेली कोलोनमध्ये. निर्मितीत तीन देश भागीदार: तुर्की, जर्मनी आणि ग्रीस. नाव 'तिसरा बर्फ'. गोष्ट दोन बहिणींची. धाकटी तुर्की माणसाशी लग्न करून इस्तंबूलला गेली आणि कुर्दी बोलणं टाकून बसली. आईच्या मातीला ती डोंगरातल्या गावी येते आणि बर्फाने रस्ता बंद होतो. आता थोरलीच्या घरात मुक्काम, आणि थोरली तिच्याशी एक शब्द बोलायला तयार नाही. धाकटी तुर्कीत बोलत राहते, थोरली कुर्दीत बोलते ती फक्त बकऱ्यांशी. चाळीस मिनिटं दोघींमध्ये संवाद म्हणून नाही. जे काही सांगायचं ते चुलीने, दाराच्या कडीने, कणीक तिंबणाऱ्या हातांनी सांगायचं. म्हणजे सगळा भार आवाजावर.

"तू जा, बाळ," काका म्हणाले होते. "माझ्या लेकीचं, स्पृहाचं लग्न आहे पुण्यात, मला दीड महिना हलता येणार नाही. आणि गुडघे त्या थंडीत चालायचे नाहीत."

नीलिमा गेली. पूर्व तुर्कीतल्या व्हानच्या वरच्या डोंगरात, बावीस घरांच्या गावात चाळीस दिवस राहिली. उणे एकवीसमध्ये माइकला लोकरी मोजा घालून वारा पकडला. गोठ्यात गवतावर झोपून बकऱ्यांचे श्वास टिपले. गोठलेल्या तळ्यावर पोटावर पडून बर्फ तडकण्याची वाट पाहिली, तर डाव्या हाताची दोन बोटं अशी बधिर झाली की अजूनही थंडीत ती सुया टोचल्यासारखी दुखतात. परत आल्यावर पाच महिने स्टुडिओत बसून तिने तो चित्रपट आवाजांनी विणला. काका आठवड्यातून एकदा डोकावायचे, डोळे मिटून दोन मिनिटं ऐकायचे आणि म्हणायचे, "छान. वारा जरा वाढव." वारा वाढवला की दृश्याची वाट लागते हे काका गेल्यावर नीलिमा निस्तरायची.

पहिल्या खेळाला ती नवी साडी नेसून गेली. चित्रपट संपला, पडद्यावर नावं सरकू लागली. 'साउंड डिझाइन: शशिकांत गुर्जर.' एकट्याचंच. तिचं नाव पुढे बरंच खाली, सहाय्यकांच्या यादीत, जनरेटर भाड्याने देणाऱ्याच्या जरासं वर.

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं. काकांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं.

"पॉइंट्सचा प्रश्न होता, बाळ. अशा तीन देशांच्या फिल्ममध्ये कोणत्या खात्याचा प्रमुख कुठल्या देशाचा, ह्याचे पॉइंट्स मोजतात. ते भरले नाहीत तर फिल्मला मान्यताच नाही. तुझा पासपोर्ट भारतीय. तुझं नाव टाकलं असतं तर एक पॉइंट गेला असता आणि रोजदाची फिल्म बुडाली असती. नाइलाज होता. नाव घरातलंच लागलं, एवढंच समज."

घरातलं! नीलिमा रडली, पण घरी येऊन. आणि गप्प बसली, कारण त्या फिल्मसाठी ती आणखी दोन बोटंही द्यायला तयार होती.

पुढे मे महिन्यात पुरस्कार मिळाला. काका मंचावर गेले आणि जर्मनमध्ये बोलले, "चाळीस दिवस मी त्या बर्फात राहिलो. गोठलेल्या तळ्यावर कान लावून पडलो. तेव्हा मला शांतता ऐकू आली." लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. नीलिमा ते घरी सोफ्यावर बसून लाइव्ह बघत होती. नाव नेलं ते नेलं, आता हा माणूस तिची थंडीसुद्धा घेऊन गेला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण नागोबा निदान बीळ मीच खणलं असं भाषण करत नाही.

त्या आठवड्यात तिने ह्या विषयावर पहिल्यांदाच रोजदाला थेट फोन लावला. पॉइंट्सचं नाव काढताच रोजदा गोंधळली.

"कसले पॉइंट्स? आपल्याकडे लागतात त्यापेक्षा तीन जास्त होते. शशिकांत म्हणाले की तुलाच नाव नकोय. व्हिसाची काही भानगड आहे, तिला ह्यात ओढू नका, असं म्हणाले."

दोघींना दोन थापा, दोन्ही मायेच्या सुरात. केसाने गळा कापणं ह्यालाच म्हणतात. नीलिमाला रडू आलं नाही. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"आपण उघड करूया," रोजदा म्हणाली, पण तिचा आवाज पडला होता. तिनेच मग सांगितलं की मान्यतेच्या अर्जावर काकांचं नाव आहे, तिन्ही देशांत तेच गेलंय. खोटं निघालं तर तिन्ही फायली उघडणार. तुर्कीत अर्धी थिएटरं कुर्दी भाषेची फिल्म नाकारायला निमित्तच शोधतायत, त्यांना हे आयतं मिळेल. "पण तू म्हणशील तसं करू."

"नको," नीलिमा म्हणाली. रोजदाच्या केसालाही धक्का लागता कामा नये, हे तिने तिथल्या तिथे ठरवलं. आणि काकांना सोडायचं नाही, हेही. दोन्ही एकदम कसं साधायचं ते तिला सुचत नव्हतं. जर्मनमध्ये बोललं की फिल्म मेली, इंग्रजीत बोललं तरी मेली. उन्हाळा गेला, पानं पिवळी पडली, काका रोज 'बाळ' म्हणत राहिले आणि ती रोज दात दाबून हेडफोन चढवत राहिली. मग दत्ताचा फोन आला.

मानपत्र लिहायला तिला एकच दुपार लागली. नियम तिने स्वतःला सोपा घालून घेतला: वाईट एक शब्द लिहायचा नाही. काका मंचावर जे बोलले तेच लिहायचं, फक्त सविस्तर. आणि तारखा घालायच्या.

लिहिताना तिला इतका आनंद होत होता की मयुरेश दोनदा येऊन बघून गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा तिने त्याला वाचून दाखवलं. त्याने कागद हातात घेऊन पुन्हा एकदा वाचला. मग म्हणाला, "मालिनीकाकू पहिल्या रांगेत असतील."

हे नीलिमालाही माहीत होतं. तिथेच तिचा हात अडला होता. काकूंनी तिचं काहीच वाकडं केलं नव्हतं. पण काकूंना वाचवायचं तर काका वाचतात, आणि काका वाचता कामा नयेत. तिने एक वाक्य काकूंसाठी वेगळं घातलं आणि खाली मंडळाचं नाव टाकलं.

दत्ताने मजकूर दोनदा वाचला. त्याला शैली फार आवडली. स्पृहाच्या लग्नाला तो स्वतः सहकुटुंब पुण्यात होता, तरी त्याच्या डोक्यात काही पेटलं नाही. "काकांना आधी दाखवू का?" त्याने विचारलं.

"छे, सत्कारमूर्तीला आधी दाखवत नाहीत," नीलिमा म्हणाली. "तशी पद्धत नाही."

पद्धत म्हटल्यावर दत्ताचं तोंड बंद झालं. त्याने ते सोनेरी किनारीच्या कागदावर छापून आणलं आणि काचेच्या चौकटीत बसवून घेतलं.

रविवारी दुपारी हॉल भरला. सव्वाशे माणसं, वडे, चकल्या, मुलांचा नाच. काका रेशमी झब्ब्यात, काकू मोरपंखी पैठणीत. शाल घातली, नारळ दिला, फोटो झाले. मग दत्ता म्हणाला, "आता काकांची शिष्या नीलिमा मानपत्र वाचेल," आणि काकांनी कौतुकाने मान डोलावली.

नीलिमा माइकपाशी गेली. आवाज कसा लावायचा हे तिला कुणी शिकवायला नको. सावकाश, गोड, शेवटच्या रांगेपर्यंत.

"सन्माननीय श्री. शशिकांत गुर्जर यांस. महोदय, आपण गतवर्षी बावीस जानेवारी ते दोन मार्च असे सलग चाळीस दिवस व्हान प्रांतातील एका दुर्गम गावी वास्तव्य केलेत. एकही दिवस आपण ते गाव सोडले नाही."

पहिल्या काही रांगांतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. काकांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण शालीचं टोक धरलेला हात थांबला.

"उणे एकवीस अंश तापमानात आपण गोठ्यात निजलात. चौदा फेब्रुवारी रोजी सकाळी दहा वाजून बेचाळीस मिनिटांनी, गोठलेल्या तळ्यावर पालथे पडून, बर्फ तडकल्याचा तो ध्वनी आपण मुद्रित केलात, ज्याने पुढे जाणकारांच्या अंगावर काटा आला."

आता तिसऱ्या रांगेत सुधाताई बसल्या होत्या. वय पंच्याहत्तर, दोन्ही कानांत यंत्र, त्यामुळे त्यांचं कुजबुजणं रस्त्यापर्यंत पोचतं. त्या सुनेला म्हणाल्या, "चौदा फेब्रुवारीला तर स्पृहाचं लग्न होतं ना गं? दहा बेचाळीसचाच मुहूर्त. ह्यांनीच तर पंगतीत मला जिलबीचा आग्रह केला."

सुनेने त्यांचा हात दाबला. उशीर झाला होता. त्या लग्नाला हॉलमधली तीस-चाळीस माणसं विमानाची तिकिटं काढून गेली होती आणि बाकीच्यांनी ते इथे बसून यूट्यूबवर पाहिलं होतं. अंतरपाट धरलेला असताना फेटा बांधून डोळे पुसणारे काका सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते. लोक एकमेकांकडे बघू लागले. कुणीतरी फोन काढून फोटोवरची तारीख पाहिली आणि फोन शेजाऱ्याकडे दिला.

नीलिमाने वाचन थांबवलं नाही. घाई करायची नाही, हे तिने घरीच ठरवलं होतं.

"खऱ्या बर्फावरची पावले माइकमध्ये नीट उमटत नाहीत, म्हणून आपण स्टुडिओत कापडी पिशव्यांत कॉर्नफ्लोअर भरून त्यावर स्वतः चाललात. थोरल्या बहिणीची चाल ही आपलीच चाल आहे. त्यासाठी आपल्या सौभाग्यवतींनी आपल्याला उशीचे सहा अभ्रे दुहेरी शिवून दिले, ही कृतज्ञ नोंद येथे करतो."

मालिनीकाकूंनी मान वर केली. अभ्रे त्यांनी शिवले होते खरे, पण नीलिमासाठी. कॉर्नफ्लोअर आणायला ती त्यांच्याच बरोबर दुकानात आली होती, आणि पहिली पिशवी फुटली तेव्हा दोघी त्यांच्या स्वयंपाकघरात पांढऱ्याफटक होऊन हसल्या होत्या. काकूंनी नीलिमाकडे पाहिलं. मग शेजारी, नवऱ्याकडे. आणि मग समोर कुठेतरी.

"असे अविश्वसनीय कार्य आपणच करू जाणे," नीलिमाने शेवटची ओळ वाचली. चौकट काकांच्या हातात दिली आणि खाली वाकून त्यांना नमस्कार केला. काकांना आशीर्वाद द्यावा लागला.

मग सत्कारमूर्तींचं मनोगत. काकांच्या कपाळावर घाम होता. "मंडळी," ते म्हणाले, "कुठलंही काम हे टीमचं असतं. लग्नाची गडबड होती, हो, पण मी मनाने तिथेच होतो. फोनवरून सारखं मार्गदर्शन..."

"अक्षता टाकताना?" मागून हरीश नावाच्या इंजिनिअरने विचारलं. अगदी साध्या आवाजात, जिज्ञासू विद्यार्थ्यासारखं. "आणि काका, मनाने गेलेल्याला थंडी वाजते का?"

एकजण हसला. मग पाच. मग अख्खा हॉल हसला, आणि ज्यांनी हसू आवरलं त्यांचे खांदे हलत होते. काका आणखी दोन वाक्यं बोलले, ती कुणाला ऐकू गेली नाहीत. चौकट दोन्ही हातांत धरून ते मंचावर उभे राहिले आणि कुणीतरी त्यांचा फोटो काढला.

चहाच्या वेळी एकेक माणूस नीलिमापाशी येऊन विचारत होता, "म्हणजे ते चाळीस दिवस तिथे तू होतीस?" ती एवढंच म्हणत होती, "मी काय सांगू, मानपत्रात आहे ते." काकांभोवती एरवी घोळका असायचा. आज ते वड्याची बशी घेऊन खांबापाशी एकटे होते. शेवटी तेच तिच्याकडे आले.

"बाळ, हे बरं नाही केलंस."

"काका, मी तुमच्याबद्दल एक वाईट शब्द वाचला नाही. तुम्ही मंचावर सांगितलंत तेच."

"हे बाहेर गेलं तर फिल्मचं काय होईल, माहितीये तुला? पॉइंट्सचा..."

"मराठीत वाचलंय, काका. ते ज्यांना कळावं त्यांनाच कळलं. तुमचे पॉइंट्स सुखरूप आहेत. ते तीन जास्तीचेसुद्धा."

तो तीनचा आकडा ऐकून काकांचा चेहरा उतरला तेवढा हसण्यानेही उतरला नव्हता. त्यांनी काहीतरी पकडायला म्हणून आवाज चढवला, "सोमवारी स्टुडिओत ये, मग बोलू."

"येणार नाही. नोकरी सोडतेय, माझं क्युंडिगुंग शुक्रवारीच पोस्टाने पाठवलंय. उद्या तुमच्या हातात पडेल."

नीलिमाला वाईट वाटायला हवं होतं. लहानपणापासून तिला तसंच शिकवलं होतं: मोठ्यांचा अपमान झाला की आपली मान खाली जाते. तिने मान खाली जाते का ते पाहिलं. गेली नाही. पोटात गार, गोड वाटत होतं, आणि अजून हवं होतं. नाव काही परत आलं नव्हतं. पडद्यावर ते कायम जनरेटरवाल्याच्या जवळच राहणार होतं. म्हणून हे थोडंसं तरी पुरेपूर चाखायचं, असं तिने ठरवलं.

फक्त मालिनीकाकू समोर आल्या तेव्हा तिचे हात कपाभोवती घट्ट झाले. काकूंनी कोट घातला होता. पैठणी त्याखालून दिसत होती.

"मला आधी सांगायचंस," काकू म्हणाल्या. "घरी येऊन."

"काकू, तुम्ही खरं मानलं असतं?"

काकूंनी विचार केला. त्या बाईचा हा गुण होता, विचारलं की त्या खरंच विचार करायच्या.

"नसतं मानलं," त्या म्हणाल्या. "तुलाच चार शब्द सुनावले असते." मग तिच्या डाव्या हाताकडे बघून विचारलं, "बोटं दुखतात का अजून?"

"थंडीत."

काकूंनी मान हलवली आणि त्या दाराकडे वळल्या. काका आधीच बाहेर पडले होते. त्यांच्या एका खांद्यावर शाल होती आणि हातात नारळ होता. चौकट मागे खुर्चीवर पालथी पडली होती, कुणाच्या नजरेला पडू नये अशी. पण दत्ताची नजर अशा गोष्टींवर बरोबर जाते. तो चौकट घेऊन धावत पार्किंगमध्ये आला, आणि त्याच्यामागे निरोप द्यायला अर्धं मंडळ. नीलिमा दारात उभी राहून बघत होती.

"काका, मानपत्र विसरलात," दत्ता म्हणाला. त्याच्या मनात अजूनही काही नव्हतं.

"असू दे, मंडळाच्या कपाटात ठेवा," काका म्हणाले. "आमच्याकडे भिंतीवर जागा नाही."

"द्या इकडे," मालिनीकाकू म्हणाल्या. त्यांनी चौकट घेतली, कोटाच्या बाहीने काच पुसली आणि गाडीत बसून ती मांडीवर उभी धरली, अक्षरं गाडी चालवणाऱ्या काकांच्या बाजूला करून. "टीव्हीच्या वर लावते. सोफ्यासमोर. आला-गेला वाचेल."

"मालिनी, राहू दे ना."

"राहू दे कसं, अहो," काकू म्हणाल्या. "चाळीस दिवस एवढ्या थंडीत राहिलात. रोज मोठ्याने वाचून दाखवा मला."